तिची डावी बाजू

५ जानेवारी, रविवार

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "अहो, रविवारची लढाई संपली की माझ्या कानाशी जे पुटपुटत बसता ना, ते यात लिहा. मला चार ओळी वाचायच्या असतात." तेव्हा लिहितो.

आज जावईबापू लढाईला आले. छोटीने आणलं. छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. चाळिशीला टेकली तरी मला छोटीच. गेल्या वर्षी तिने लग्न केलं, एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी. केलं ते केलं, मी आडकाठी केली नाही. पण रविवारची दुपार माझी आणि तिची आहे, फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून.

मी कवळ्या बनवतो. कारखान्याच्या मागच्या खोलीत आमचं मोठं टेबल आहे. त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, रंगवलेले रस्ते, एक नदी आणि आमच्या सेना. शिपाई मी ओततो, दातांचे साचे करतो त्याच प्लास्टरमध्ये. रंगवते छोटी. टेपने अंतर मोजून तुकड्या पुढे सरकवायच्या, भिडल्या की फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. तिसरा आमचा बेकरीवाला, माझा शाळेपासूनचा दोस्त. खेळतो कमी, पंच म्हणून जास्त बसतो.

टेबलाला रीत आहे आणि ती मी घालून दिलेली आहे. दुसऱ्याच्या शिपायाला न विचारता हात लावायचा नाही. खाली पडलेला फासा पुन्हा टाकायचा, मग त्यावर काहीही आलेलं असो. शेवटी हात मिळवायचा. आणि जिंकणाऱ्याने चहा करायचा, म्हणजे हरलेल्याला निदान उठावं तरी लागत नाही.

हे सगळं जावईबापूंना समजावून सांगायला मी तयार बसलो होतो. त्या माणसाने वावच ठेवला नाही. आत आला, चपला बाहेर काढल्या, टेबलाभोवती हात मागे बांधून एक फेरी मारली आणि म्हणाला, "दादा, एक उचलून बघू का?" उचलला तोही बुडाशी धरून, रंगाला बोट न लावता. "काय काम आहे!" म्हणाला. छोटी माझ्याकडे बघून अशी हसली की जणू तो शिपाई त्यानेच ओतला होता.

पहिल्याच दिवशी इतकं शहाणं वागणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज छोटी विरुद्ध जावईबापू. मी बघत होतो. बघण्यासारखं होतं, पण खेळ नव्हे.

तो स्वतःची चाल करतो आणि मग शत्रूला सांगतो! "हे घोडदळ मी तुझ्या डावीकडे आणलं हं, टेकडीच्या मागे." छोटी फटकन म्हणाली, "दिसतंय मला." हा आपला, "बरं, बरं. मी सवयीने बोललो."

कसली सवय? मी इतकी वर्षं खेळतोय, शत्रूच्या कानात जाऊन कधी कुजबुजलो नाही. शिपाई टेबलावर उघडे उभे असतात, ज्याला डोळे आहेत त्याने बघावं. मी तसं बोललोही. बेकरीवाला म्हणाला, "अरे, सांगितलं तर बिघडलं काय? याला म्हणतात सभ्य खेळाडू."

म्हणजे आम्ही कोण? गावगुंड?

तो सगळं सांगत बसला आणि तरी जिंकला. मग उठून चहा केला. कपबशा कुठे आहेत हे त्याला विचारावं लागलं नाही. छोटीचा कप तिच्या उजव्या हाताशी ठेवला, कान उजवीकडे वळवून. राणीसरकार! खुर्चीही तिच्या डावीकडे ओढून बसतो, सदानकदा डावीकडेच, जसा काही त्या बाजूने कुणी तिला पळवून नेणार आहे.

१५ जानेवारी, बुधवार

छोटी दुपारी कारखान्यात आली होती. नव्या तुकडीचे शिपाई रंगवून आणले. देखणे झालेत. कोटाची बटणंसुद्धा पिवळी केली आहेत, मोहरीहून बारीक एकेक. तिच्या हाताला तोड नाही.

पण लक्ष ठिकाणावर नाही. आत येताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. मग वळताना मेणाची ताटली पाडली. डावीकडे टेबलावर चांगली रुंद ठेवलेली ताटली. मी म्हटलं, "अगं, डोळे घरी ठेवून आलीस का?" ती खाली बसून मेण गोळा करायला लागली.

स्कूटरही चालवत नाही आता. जावईबापू सोडतात आणि न्यायला येतात. मी विचारलं तर म्हणाली, "कंटाळा येतो." पूर्वी हीच मला मागे बसवून शहर फिरवायची. एक माणूस दुसऱ्याला किती परावलंबी करून ठेवू शकतो बघा.

जाताना थांबली. "दादा, तुला एक सांगायचं होतं."

मी म्हटलं, "मलाही तुला सांगायचंय," आणि सांगितलं. तिचा नवरा टेबलावर जे गोडगोड वागतो ते मला कसं वाटतं, तो पुढेपुढे करतो, बेकरीवाल्याला त्याने कसं खिशात घातलंय, सगळं. बराच वेळ बोललो. मोकळं वाटलं. मग आठवण होऊन विचारलं, "तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही रे. निळा रंग संपलाय."

१९ जानेवारी, रविवार

ठरवलं होतं, सभ्यपणा हवाय ना, घ्या. आज मी आणि जावईबापू समोरासमोर होतो. पहिली चाल कुणाची हे ठरवायला फासे टाकले, मी जिंकलो. म्हटलं, "तुम्ही आधी." तो म्हणाला, "छे छे दादा, तुमचा हक्क आहे." "अहो, पाहुणे तुम्ही." "पण वडील तुम्ही." शेवटी बेकरीवाला खेकसला, "खेळा रे! लग्नाची बोलणी चालली आहेत का?"

छोटी पोट धरून हसली. खूप दिवसांनी अशी हसली. दोघांच्या मिळून मूर्खपणावर हसली, त्यामुळे अर्धं हसू त्याच्या वाट्याला गेलं.

मी हरलो. हरण्याचं काही नाही. माझे फासेच पडत नव्हते. त्याने एकदा मला आठवण करून दिली, "दादा, तुमच्या तोफा राहिल्या उडवायच्या." मी विसरलो होतो खरा. त्या तोफांनी त्याचीच एक तुकडी उडाली, आणि हा गृहस्थ "व्वा!" म्हणाला. माझी तुकडी उडाली असती तर मी व्वा म्हणालो असतो का? नसतो. मग हा का म्हणतो? कुणाला दाखवायला?

जाताना बेकरीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "राग मानू नकोस, पण समोरच्याला चांगला फासा पडला की तू जो सुस्कारा सोडतोस ना, त्याने खेळणाऱ्याचा जीव अर्धा होतो. आणि कुणी विचार करत असलं की तू उठून खिडकीशी जातोस."

मला पाठीचा त्रास आहे. तो त्याला ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवाळीपासून चाललेल्या आमच्या मोहिमेची शेवटची लढाई पुढच्या रविवारी. जावईबापू मध्येच आले, त्यामुळे गुणांवर अजून मी आणि छोटीच वर आहोत, म्हणजे आम्ही दोघंच समोरासमोर. जसं असायला हवं तसं.

तिचा खेळ मी तोंडपाठ केलाय. उजवीकडे आणि मध्ये अजूनही वाघीण आहे. डावी बाजू मात्र सदा उघडी. तिकडे फौज ठेवते, पण मग विसरूनच जाते. लग्नाआधी असं नव्हतं. तेव्हा तिच्या डाव्या बाजूने मुंगी गेली तरी तिला कळायचं. आता डोक्यात दुसरंच काहीतरी असतं, दुसरं काय!

मी माझे भालदार तिकडून नेणार. नदीच्या कडेने, गुपचूप. रीतीत कुठे बसत नाही? टेबलावर उघडे असतील. सांगायला मी बांधील नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

जावईबापू आलेच नाहीत. कुठल्या इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकली म्हणून त्यांना बोलावणं आलं. छोटी रिक्षाने आली. मला मनापासून बरं वाटलं, ते इथे लिहायला हरकत नाही. जुने दिवस परत आल्यासारखे. मी, छोटी आणि पंच.

तिने सुरुवात जबरदस्त केली. माझं उजवं पायदळ कापून काढलं. मी सुस्कारा सोडला नाही, खिडकीशी गेलो नाही. माझे भालदार एकेका चालीत नदीच्या कडेने सरकत होते. ती एकदाही तिकडे वळली नाही. मग मी ते तिच्या छावणीच्या रस्त्यावर आणून उभे केले, अगदी मध्ये, ऐटीत.

तिची चाल आली. तिने आपला सेनापती उचलला, टेप लावला आणि त्याच रस्त्याने छावणीकडे नेला. हात सरळ माझ्या भालदारांवर. सगळे आडवे पडले, दोन खाली फरशीवर गेले. एकाचा भाला तुटला.

मी ओरडलो, "हे काय चाललंय? माझे शिपाई पाडून वाट करतेस?"

"मला वाटलं रस्ता मोकळा आहे."

"मोकळा? अख्खी तुकडी उभी आहे तिथे! जिला बटणं रंगवता येतात तिला तुकडी दिसत नाही?"

बेकरीवाला म्हणाला, "असू दे रे, चाल मागे घेऊ." पण मी त्या लढाईसाठी महिनाभर झुरलो होतो. मी म्हणालो, "मागे कसली घ्यायची? कचाट्यात सापडली म्हणून पट उधळला तिने. छोटे, खोटं खेळायला मी तुला शिकवलं नव्हतं. हे नवीन कुठून शिकलीस?"

'नवीन' या शब्दावर मी जोर दिला. तिला कळायचं ते कळलं.

तिने टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "तू जिंकलास दादा," आणि हात पुढे केला. मी खाली वाकून तुटलेला भाला शोधत होतो. शोधतच राहिलो. वर बघितलं तेव्हा ती पर्स घेऊन दाराशी पोचली होती. बेकरीवाला तिला सोडायला गेला, तो परत आला नाही.

जिंकणाऱ्याने चहा करायचा असतो. केला. पातेलं भरून केला, आणि बेसिनमध्ये ओतला.

१० फेब्रुवारी, सोमवार

ही बोलत नाही. बेकरीवाल्याने हिला फोन केला असणार. जेवताना एवढंच म्हणाली, "इतक्या वर्षांत छोटी कधी खोटं खेळली होती का?"

म्हटलं, "तोच तर मुद्दा आहे. पूर्वी नव्हती."

"मग?" म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली. मग काय? या बाईला अर्धवट बोलायची सवय आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जावईबापू कारखान्यात आले. कामाच्याच कपड्यांत, हाताला ग्रीस. दारात उभे राहून म्हणाले, "आत येऊ?" भांडायला आलेला माणूससुद्धा परवानगी मागतो! मी बसा म्हटलं. बसले नाहीत.

"दादा, तिने तुम्हाला सांगू नका म्हणून मला शपथ घातली होती. ती मी आज मोडतोय. तिला काचबिंदू आहे."

मी हातातली कवळी खाली ठेवली.

"डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेलीय. समोरचं छान दिसतं, म्हणून रंगवता येतं, वाचता येतं. कडेचं दिसत नाही. मान वळवली तर दिसतं, पण वळवायला तिथे काहीतरी आहे हे आधी माहीत असावं लागतं ना? म्हणून मी सांगत असतो."

मी विचारलं, "केव्हापासून?"

"कळलं हिवाळ्याच्या सुरुवातीला. जेवताना डावीकडची वाटी तिला सापडेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेलेली नजर परत येत नाही. आता ऑपरेशन करायचंय, डोळ्यातला दाब कमी करायचं, म्हणजे उरलंय ते टिकेल." मग त्यांचा आवाज जरा चढला. पहिल्यांदाच. "खोटं खेळते म्हणालात तुम्ही तिला. घरी येऊन एक शब्द बोलली नाही. मला बेकरीवाल्यांकडून कळलं."

आणि गेले. दार आपटलं नाही.

या वहीत खरं लिहायचं असं ठरलंय, म्हणून लिहितो. माझ्या मनात पहिलं काय आलं? बिचारी छोटी, हे नाही आलं. आलं ते हे, की याच्या लक्षात आलं. ज्याने तिला वर्षभर पाहिलंय त्याच्या लक्षात आलं, आणि ज्याने तिला चालायला शिकवलं तो तिच्या त्या बाजूने भालदार घेऊन गेला.

बिचारी छोटी, हे नंतर आलं. आलं ते मात्र अजून जात नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

त्यांच्या घरी गेलो. जावईबापूंनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि "दूध संपलंय" म्हणून पिशवी घेऊन खाली निघून गेले. फ्रीजवर दुधाची पिशवी दिसत होती.

छोटी खिडकीत बसली होती. मी तिच्या समोर जाऊन बसलो, अगदी समोर.

"मी तुला खोटारडी म्हणालो."

"हो. म्हणालास."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे रे दादा. नाही म्हणाली. बाहेर कुणीतरी गाडी चालू करायची खटपट करत होतं, ती ऐकत आम्ही बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. तू बोलत होतास."

मी म्हटलं, "नंतर सांगायचंस."

"नंतर विचार केला, नकोच. तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस सांगू? सगळी फौज माझ्या उजवीकडे आणून मांडली असतीस. हरला असतास, आणि हरून वर हसला असतास. घरात सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलायला लागलेत, डॉक्टरसुद्धा. एक तू तेवढा भांडत होतास. मला तो दादा हवा होता."

"मग तुझा नवरा टेबलावर सांगत बसतो ते चालतं तुला?" तोंडातून निघून गेलं. निघायला नको होतं.

ती चक्क हसली. "अरे, किती जळशील! तो नुसतं सांगत नाही. सांगतो आणि मग हरवतो."

मी हात पुढे केला. गेल्या रविवारी द्यायचा राहिला होता तो. तिने घेतला, पण सोडताना म्हणाली, "माफ केलं असं समजू नकोस. ते पुढच्या रविवारी टेबलावर बघू."

२३ फेब्रुवारी, रविवार

मी सगळं सांगत होतो. "डावीकडे पायदळ, दोन टेपभर. डावीकडे तोफ, पुलाशी. डावीकडे झाड." शेवटी छोटी ओरडली, "दादा, रेडिओ बंद कर! हलवलंस तेच सांग." जावईबापू मान खाली घालून हसले. मी पाहिलं.

एकदा माझ्या तोफेसमोर तिचा सेनापती उघडा आला. मी दुसरंच काहीतरी हलवलं. ती टेपने मोजून बघत म्हणाली, "पल्ल्यात आहे. तू उडवली नाहीस."

"लक्षात नाही आलं."

"उडव. नाहीतर मी घरी जाते."

फासा टाकला. सेनापती पडला. तिने मला जी शिवी हासडली ती इथे लिहीत नाही, पण ती ऐकून मला काय बरं वाटलं! पुढे तिने मला धुऊन काढलं, सेनापतीविना. मी बसून चहा प्यायलो.

तिचा कप मी उजव्या हाताशी ठेवणार होतो. तो आधीच तिथे होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं.

आम्ही दोघं बाहेर बाकावर. जावईबापू एरवी किती नेटके, आज शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. एक जिना उतरायचे, परत यायचे. एका म्हाताऱ्या बाईंच्या पायावर पाय दिला आणि माफी मागायचंही त्यांना सुचलं नाही. मी मागितली. मग त्यांना खाली बसवलं. मोहिमेचा विषय काढला, पुढच्या वेळी नदी बुजवून तिथे जंगल करावं का असं विचारलं. "हां," म्हणाले. पूल ठेवावा का? "हां." त्यांचा गुडघा एकसारखा हलत होता. मी त्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हात मी काढला नाही.

शेवटी नर्स बाहेर आली. "पेशंट शुद्धीवरच आहे, सगळं व्यवस्थित झालंय. नातेवाईक कोण? एकालाच सोडीन."

मी उठलो. दाराजवळ मीच होतो. तिच्या जन्माच्या वेळीही मी असाच बाहेर उभा होतो, आणि वडिलांच्या आधी आत घुसलो होतो. नर्सने विचारलं, "तुम्ही?"

मी खाली बसलो. म्हटलं, "हे जातील. नवरा आहे तिचा."

ते गेले. धन्यवाद वगैरे काही न म्हणता, धावत गेले. घरी आल्यावर हिने विचारलं, तुम्ही का नाही गेलात? म्हटलं, गुडघ्यात कळ आली.

बाकावर एकट्याने बसणं जड गेलं. आत दोघं काय बोलत असतील, तिने पहिलं काय विचारलं असेल, ते सगळं माझ्या मनात चालू होतं. बराच वेळ झाला असं वाटलं. झाला नसेल.

मग दार उघडलं. जावईबापूंचे डोळे लाल, पण हसत होते. म्हणाले, "दादा, नर्सला गळ घालून आलोय. जा तुम्ही. मी आत गेल्या गेल्या तिने विचारलं, दादा कुठाय?"

मी लगेच उठलो नाही. म्हटलं, "काय म्हणाली?"

"दादा कुठाय, असं."

"गेल्या गेल्या?"

"हो दादा. गेल्या गेल्या."